नवी पेठेतल्या अभ्यासिकेची सोळा मशिनं: लिनक्ससाठी हार्डवेअर निवडतानाचं एक प्रकरण

2025 च्या मे महिन्यात एका ट्रस्टच्या सेक्रेटरी काकांनी मला बोलावून घेतलं. ट्रस्टची पुण्यात नवी पेठेत अभ्यासिका आहे. सकाळी सातला उघडते, रात्री दहाला बंद होते. खाली टेबलं मांडलेली, वरच्या खोलीत सोळा कॉम्प्युटर. येणारी मुलं-मुली बहुतेक एमपीएससीची, गावाकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याचा अर्ज भरण्यापासून लेक्चर बघण्यापर्यंतचा सगळा कारभार वरच्या खोलीत चालतो. काकांनी सरळ विचारलं, "ही मशिनं ऑक्टोबरनंतर चालणार का? नसतील चालणार तर काय घ्यायचं ते सांग. अडीच लाखांच्या वर एक रुपया नाही."

ऑक्टोबरचं कारण असं: विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची एक हार्डवेअर सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. इथले टॉवर तिसऱ्या पिढीच्या आय3 चे, 4 जीबी रॅमचे, फिरत्या हार्ड डिस्कचे होते. एक चालू करून घड्याळ लावलं. ब्राउझर उघडून पहिलं पान दिसेपर्यंत चार मिनिटं गेली. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "दादा, आम्ही मशीन सुरू करून खाली चहाला जातो, परत येईपर्यंत उघडलेलं असतं."

विंडोज सोडून डेबियन, म्हणजे लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं एक वितरण (तयार संच), बसवायचं यावर फारसा वाद झाला नाही. मुलांना ब्राउझर, पीडीएफ, व्हिडिओ, मराठी टायपिंग आणि प्रिंट एवढंच हवं होतं. हिशोबाचं टॅली विंडोजवरच चालतं, म्हणून ऑफिसातलं एक वेगळं मशीन आम्ही हात न लावता तसंच ठेवलं. खरा वेळ गेला तो डेबियन कशावर चालवायचं हे ठरवण्यात. मे ते सप्टेंबर असे चार महिने लागले, आणि तेवढे लागायलाच हवे होते असं मला आजही वाटतं.

काय बघायचं ते आधी ठरवलं

काकांचे एक मित्र ट्रस्टवर आहेत, इंजिनिअर होते, आता निवृत्त. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "लिनक्स तर कशावरही चालतं ना? मग एवढं काय बघायचं?" त्यांना जे सांगितलं तेच पुढे सगळ्या निवडीचा पाया ठरलं, म्हणून इथे नीट मांडतो.

विंडोजच्या जगात ड्रायव्हर हार्डवेअरची कंपनी देते. सीडीवर देते, वेबसाइटवर देते, कधी अपडेटमधून पाठवते. लिनक्समध्ये ड्रायव्हरची जागा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात असते. कर्नलची आतली रचना दर काही आठवड्यांनी बदलत राहते आणि ती स्थिर ठेवायचं वचन कर्नलवाले मुद्दामच देत नाहीत. मात्र आतली एखादी गोष्ट ज्याने बदलली, त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्या बदलाशी जुळवून द्यायचे, असा तिथला दंडक आहे. त्यामुळे ज्या चिपचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये गेला, तिची काळजी पुढे वर्षानुवर्षं आपोआप घेतली जाते. ज्या चिपचा ड्रायव्हर बाहेर राहिला, एखाद्या कंपनीच्या झिप फाइलमध्ये किंवा कुणा एकट्याच्या भांडारात, ती चिप आज चालते आणि पुढच्या मोठ्या अपडेटला बंद पडते.

दुसरी गोष्ट फर्मवेअर. वायफाय, ग्राफिक्स अशा बऱ्याच चिपांना सुरू होताना एक छोटी फाइल भरवावी लागते आणि तिचा स्रोत बहुधा खुला नसतो. पूर्वी डेबियन ती फाइल इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे, त्यामुळे नवख्या माणसाचं मशीन बसवतानाच नेट चालत नसे. 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान घेऊन हे धोरण बदललं आणि जून 2023 मधल्या डेबियन 12 पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. आमच्यासारख्यांचं अर्धं ओझं त्या एका निर्णयाने उतरलं.

तिसरी गोष्ट लोक विसरतात: मशीन बूट कसं होतं. आपल्या नेहमीच्या एक्स86 (इंटेल-एएमडीच्या जातीच्या) पीसीत यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करून देणारं अंगभूत सॉफ्टवेअर, असतं, आणि आत काय काय जोडलंय ते मशीन स्वतः ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं. म्हणून एकच पेनड्राईव्ह पुण्यातल्या कुठल्याही पीसीला लावता येतो. एआरएमच्या (मोबाइलमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरच्या) बऱ्याच छोट्या बोर्डांमध्ये ही सोय नसते. बोर्डावर काय आहे याचं वर्णन, ज्याला डिव्हाइस ट्री म्हणतात, वेगळं द्यावं लागतं आणि इमेजही त्या त्या बोर्डाची लागते.

निवृत्त इंजिनिअर साहेबांनी हे ऐकून वहीत एक ओळ लिहिली आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत तीच वाचून दाखवली: "दुकानदार गेला, कंपनी गेली, तू गेलास, तरी मशीन चाललं पाहिजे." मला त्यांचा हा निकष कुठल्याही बेंचमार्कपेक्षा जास्त उपयोगी पडला.

आहे तेच ठेवलं तर?

सगळ्यात आधी जुन्या टॉवरना संधी दिली. चालणारं मशीन भंगारात काढायला माझा जीव होत नाही. दोन टॉवर घेतले, एसएसडी घातली, रॅम 8 जीबी केली, डेबियन 12 बसवलं. मशीन अर्ध्या मिनिटात सुरू झालं. इंटेलचं जुनं ग्राफिक्स, लॅन, आवाज सगळं पहिल्या झटक्यात चाललं. तिथेच थांबावं असं एक आठवडाभर वाटत होतं.

दोन गोष्टी आड आल्या. पहिली व्हिडिओची. मुलं दिवसभर लेक्चर बघतात. व्हिडिओ दाबून पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला त्यातली एच.264 हार्डवेअरमध्ये उलगडता येते, पण यूट्यूब सहसा पाठवतं ती व्हीपी9 त्याला येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा ओरडायला लागतो, आणि सोळा पंखे एका खोलीत ओरडले तर अभ्यासिका कसली.

दुसरी गोष्ट विजेची. प्लगला लावायचं वॅटमीटर घेऊन मोजलं. मॉनिटर वगळता एक टॉवर साध्या वापरात 45 वॅटच्या आसपास घेत होता. सोळांचे 720 वॅट, रोजचे पंधरा तास, म्हणजे दिवसाला 10.8 युनिट. बिलापेक्षाही काकांना इन्व्हर्टरची चिंता होती. गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते हे पुण्यात कुणाला सांगायला नको. टॉवर आणि मॉनिटर मिळून हजार वॅट होत होते, आणि अभ्यासिकेचा इन्व्हर्टर तेवढं ओढत नव्हता. म्हणून गुरुवारी लाईट गेली की वरची खोली चक्क कुलूप लावून बंद ठेवत.

आणखी एक दूरचं कारणही मनात होतं. काही वितरणं आता जुने प्रोसेसर सोडू लागली आहेत. मे 2025 मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 10 ला एव्हीएक्स2 (वेगवान गणिताच्या सूचनांचा एक संच) असलेला प्रोसेसर लागतो, आणि तिसऱ्या पिढीच्या आय3 मध्ये ते नाही. डेबियनने 64 बिटसाठी अशी अट घातलेली नाही, त्यामुळे हे टॉवर अजून बरीच वर्षं डेबियन चालवतील. तरी एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलत बदलत दहा-बारा वर्षं जुन्या सोळा खोक्यांवर पैसे घालणं बरोबर वाटलं नाही. टॉवर बाद झाले. त्यातला एक मात्र मी मागून घेतला. त्याचं पुढे सांगतो.

छोट्या बोर्डाचा प्रयोग

अभ्यासिकेत येणारा एक मुलगा, इंजिनिअरिंग करून आता परीक्षेची तयारी करणारा, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या एआरएम कॉम्प्युटर-बोर्डाचा भक्त. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. 2012 मध्ये आलेल्या या बोर्डाने जगभर लाखो मुलांना लिनक्स शिकवलं. 2023 मध्ये आलेल्या पाय 5 ला चार कोअरचा 2.4 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे, वीज अगदी थोडी लागते, आणि आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच. एआरएम बोर्डांमध्ये सॉफ्टवेअरचा सर्वांत चांगला सांभाळ त्याचाच होतो हेही खरं.

पण सोळा जागांच्या हिशोबात बोर्डाची किंमत पुरी पडत नाही. पाय 5 ला 5 व्होल्ट 5 अँपिअरचा चार्जर सुचवलेला आहे, तो आपल्या मोबाइलच्या चार्जरपेक्षा वेगळा. त्यावर केस, पंखा, आणि एसडी कार्डवर भरवसा ठेवायचा नसेल तर एनव्हीएमई एसएसडी आणि तिला बसवायची पट्टी. हे सगळं जोडत गेलो तेव्हा आकडा सेकंडहँड मिनी पीसीच्या शेजारी जाऊन बसला. व्हिडिओचंही एक आहे: पाय 5 मध्ये हार्डवेअरची मदत फक्त एचईव्हीसी या पद्धतीला आहे. एच.264 आणि व्हीपी9 दोन्ही प्रोसेसरनेच उलगडायचे.

त्या मुलाच्या आग्रहाने एका वेगळ्या कंपनीचा, दिसायला जास्त ताकदवान आणि किमतीला कमी असा एक बोर्ड महिनाभर वर लावून बघितला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तिच्या साइटवर जी लिनक्सची इमेज होती तिच्यात कर्नल कंपनीने स्वतः फेरफार केलेला आणि बराच जुना होता. शुद्ध डेबियन टाकलं तर एचडीएमआयचा आवाज गेला. कंपनीची इमेज ठेवली तर सुरक्षेचे अपडेट कधी येणार ते कंपनीच्या मर्जीवर. जूनमधल्या एका गुरुवारी लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि संध्याकाळी एसडी कार्डवरची फाइल सिस्टिम दुरुस्त होईना. कार्ड नवं घालून इमेज पुन्हा भरली. दोन आठवड्यांनी तोच प्रकार.

तरीही एआरएमचा निकाल लागला तो प्रिंटरवर. अभ्यासिकेत एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, धडधाकट, दिवसाला शंभरेक हॉल तिकिटं आणि प्रश्नपत्रिका काढणारा. त्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीने दिलाय, पण तयार बायनरीच्या रूपात आणि फक्त एक्स86 साठी. स्रोत नाही, त्यामुळे एआरएमसाठी तो कुणीच बनवू शकत नाही. हल्लीचे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय आयपीपी या छपाईच्या सामाईक पद्धतीवर चालतात, हा त्याआधीचा. प्रिंटर बदलायचा म्हटला तर पुन्हा खर्च. त्या मुलाने दोन रात्री खटपट केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाला, "दादा, इथे एक्स86 च घ्या."

त्याच बैठकीत रिस्क-पाचची गोष्ट निघाली. मला या विषयाची मनापासून ओढ आहे. बर्कलेत 2010 मध्ये सुरू झालेली प्रोसेसरची ही खुली रचना, मद्रास आयआयटीचे शक्ती प्रोसेसर, सी-डॅकचे वेगा, आणि ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मध्ये 64 बिट रिस्क-पाचला मिळालेली अधिकृत जागा. पुण्यातच 1988 मध्ये उभ्या राहिलेल्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 बनवला, त्या शहरात बसून या प्रोसेसरांकडे परकं म्हणून बघवत नाही. पण आज दुकानातून मिळणाऱ्या बोर्डांवर ग्राफिक्स आणि व्हिडिओ रोजच्या वापराला कच्चे आहेत, आणि परीक्षेच्या मुलाच्या वेळेवर आपली हौस भागवणं योग्य नाही. पाच मिनिटांत तो विषय संपवला.

नवं कोरं, पण कुणाचं?

ट्रस्टवरच्या एका ताईंचा आग्रह होता की सेकंडहँड नको, नवं घ्या, वॉरंटी मिळेल. हे म्हणणं डावलण्यासारखं नव्हतं. बजेटमध्ये बसणारा एक नवा मिनी पीसी, नाव फारसं कुणी न ऐकलेल्या ब्रँडचा, नमुना म्हणून मागवला. प्रोसेसर इंटेलचा, दिसायला देखणा.

डेबियन बसलं, लॅन चालली, व्हिडिओ सुरेख चालला. वायफाय मात्र दिसेचना. चिपचा क्रमांक शोधल्यावर कळलं की तिचा ड्रायव्हर डेबियन 12 च्या कर्नलमध्ये नाही. कुणी एकाने बाहेर ठेवलेला ड्रायव्हर आहे, तो दर कर्नलला पुन्हा बांधावा लागतो. लॅन होती म्हणून वायफायवाचून अडलं नसतं. पण दुसरी गोष्ट जास्त खटकली. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या अंगभूत सेटिंगमध्ये, "लाईट आल्यावर आपोआप सुरू हो" हा पर्यायच सापडला नाही, आणि बायोसचा अपडेट कुठून घ्यायचा याचं उत्तर विकणाऱ्याकडेही नव्हतं. वॉरंटी वर्षाची. वर्षानंतर त्या खोक्यात नेमकी कुठली पट्टी आहे हे सांगणारा माणूस पुण्यात नाही. ताईंनाच ते मशीन दाखवलं. त्यांनी बायोसचा पडदा दोनदा वरखाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "परत करा."

नवे लॅपटॉपही कुणीतरी सुचवले. बॅटऱ्या फुगतात, चार्जर पळतात, कीबोर्डवर चहा सांडला की दुरुस्ती महाग. तो विचार तिथेच सोडला.

टिळक रोडवरची दुपार

शेवटी सेकंडहँडकडे वळलो. मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं तीन-चार वर्षांनी मशिनं बदलतात आणि ती लॉटमध्ये बाजारात येतात. डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होची थिंकसेंटर टायनी, एचपीची एलिटडेस्क मिनी ही त्यातली आमच्या कामाची जात. पुस्तकाएवढं खोकं, बाहेरचा अडॅप्टर, एक पंखा. ऑफिसासाठी बनलेली असल्यामुळे त्यांचे सुटे भाग मिळतात, उघडायला एक-दोन स्क्रू लागतात, आणि आतले बहुतेक भाग लिनक्सला फार वर्षांपासून ओळखीचे असतात.

आम्ही आठव्या पिढीवर थांबलो. 2018 मधला आय5-8500टी: सहा कोअर, 35 वॅटचा, ग्राफिक्स यूएचडी 630, जे व्हीपी9 हार्डवेअरमध्ये उलगडतं. एव्ही1 ही आणखी नवी पद्धत त्याला येत नाही, इंटेलमध्ये ते अकराव्या पिढीपासून आलं, पण आमच्या कामाला व्हीपी9 पुरलं. आठव्या पिढीचं आणखी एक कारण मी ट्रस्टींना उघडपणे सांगितलं: उद्या डेबियन नको वाटलं तर या मशिनांवर विंडोज 11 नियमात बसतं. परतीची वाट उघडी आहे म्हटल्यावर दोन कचरणारे ट्रस्टी लगेच तयार झाले.

ऑगस्टमधल्या एका दुपारी टिळक रोडवरच्या दुकानात गेलो. काउंटरवर सहा मशिनं रांगेत मांडलेली. दुकानदाराला म्हटलं, "शेठ, माझा पेनड्राईव्ह लावून बघू का?"

"लावा की. विंडोज ओरिजिनल आहे पण त्यात."

"विंडोज राहू दे. मला आतलं सामान बघायचंय."

डेबियनचा लाइव्ह पेनड्राईव्ह (डिस्कवर काही न बसवता थेट चालणारा) लावला, टर्मिनल उघडलं आणि एलएसपीसीआय ही आज्ञा दिली, क्रमांक आणि ड्रायव्हर दोन्ही दाखवायला सांगून. ही एक आज्ञा खरेदीआधी प्रत्येकाने चालवावी. प्रत्येक भागासमोर चौकोनी कंसात कोलनने जोडलेले दोन क्रमांक येतात. पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. 8086 दिसलं की इंटेल. कंपनीचा 1978 मधला प्रोसेसर ज्या नावाचा, तोच आकडा. 10ईसी म्हणजे रियलटेक, 1002 म्हणजे एएमडी, 10डीई म्हणजे एनव्हिडिया. त्याखाली "वापरात असलेला कर्नल ड्रायव्हर" अशी ओळ येते. ग्राफिक्सखाली आय915, आवाजाखाली इंटेलचा ड्रायव्हर, लॅनखाली एका मॉडेलमध्ये ई1000ई आणि दुसऱ्यात आर8169. जिथे ती ओळ रिकामी, तिथे हात आखडायचा. इथे एकही रिकामी नव्हती.

मग व्हिडिओ लावला, हेडफोन घातले, झोपवून उठवलं, चारही यूएसबी तपासल्या, डीमेसेजमधल्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींमधल्या, लाल ओळी वाचल्या. शेठ सुरुवातीला अस्वस्थ होते. तिसऱ्या मशीनपाशी ते स्वतः वाकून बघायला लागले आणि विचारलं, "हे एसएसडीचं किती आयुष्य उरलंय तेही दाखवतं का?" दाखवतं. स्मार्ट आकडे काढून दिले. दोन मशिनांच्या एसएसडी बऱ्याच झिजलेल्या निघाल्या, त्या त्यांनी तिथल्या तिथे बदलून दिल्या.

एकाच मॉडेलची सतरा मशिनं त्यांच्याकडे नव्हती. एका कंपनीची अकरा, दुसरीची सहा. मी हो म्हटलं, कारण दोन्हींच्या पोटात तोच प्रोसेसर आणि तेच ग्राफिक्स होतं. 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एनव्हीएमईसह एकाला 13,500 रुपये, जीएसटीसकट पक्कं बिल. सतरांचे 2,29,500 झाले. सतरावं सुटं म्हणून. उरलेल्या पैशात चार जादा अडॅप्टर घेतले, कारण या मशिनांचा अडॅप्टर बिघडला तर ज्या त्या कंपनीचाच लागतो; पिन जुळली तरी मशीन परका अडॅप्टर ओळखत नाही आणि वेग कमी करतं.

बसवताना

माल ऑगस्टअखेर येणार होता, पण 27 ऑगस्टला गणपती बसले. त्या दहा दिवसांत पेठांमध्ये टेम्पो आणायचा विचारही कुणी करू नये. अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यात खोकी वर चढली. हा उशीर फायद्याचा ठरला, कारण 9 ऑगस्टला डेबियन 13 आलं होतं आणि आम्हाला थेट तेच बसवता आलं.

दोन मशिनांना बायोसचा पासवर्ड निघाला. आधीच्या ऑफिसने लावलेला, दुकानात तपासताना माझ्या नजरेतून सुटला. बायोस न उघडता डेबियन बसत होतं, पण आम्हाला बायोसमध्ये जायचंच होतं: लाईट आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करायला. शेठनी ती दोन्ही खोकी बदलून दिली. तेव्हापासून मी दुकानात पेनड्राईव्ह लावायच्या आधी बायोस उघडून बघतो.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालूच ठेवलं. डेबियनला 2019 च्या डेबियन 10 पासून ते चालतं, बंद करायची गरज नाही. बायोसचे अपडेट फर्मवेअर अपडेट सेवेतून लिनक्समधूनच आले. डेल, लेनोव्हो आणि एचपी त्यांच्या अनेक ऑफिस मॉडेलांचे अपडेट तिथे देतात. नव्या मिनी पीसीत मला याचीच उणीव भासली होती.

मराठी टायपिंगसाठी आयबस या लिनक्समधल्या टायपिंगच्या सोयीत इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड लावले. राखून ठेवलेल्या जुन्या टॉवरवर पॅकेजांचा साठा करणारी सेवा बसवली. अपडेट आला की तो एकदाच बाहेरून उतरतो आणि सोळा मशिनं तो टॉवरकडून घेतात. नेटचं कनेक्शन साधं आहे, त्याला हा दिलासा मोठा झाला.

एक पर्याय मी इन्स्टॉल करताना मुद्दाम निवडला. डेबियनचा इन्स्टॉलर तज्ज्ञ पद्धतीने चालवला तर विचारतो की ग्रब हा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) काढत्या डिस्कच्या ठरलेल्या जागीही ठेवायचा का. सहसा यूईएफआय स्वतःच्या स्मृतीत नोंद ठेवतं की अमुक डिस्कवरची अमुक फाइल चालव, आणि ही नोंद डिस्कवर नसून मशीनमध्ये असते. डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये घातली की ती नोंद मागेच राहते. ठरलेल्या जागी प्रत ठेवली तर कुठलंही मशीन ती शोधून काढतं. सोळाही मशिनांवर मी "हो" म्हटलं.

पुढचे महिने

वॅटमीटर पुन्हा लावला. मिनी पीसी साध्या वापरात 12 वॅटच्या आसपास. सोळांचे 192 वॅट, दिवसाला 2.9 युनिटच्या आत. आधीच्या तुलनेत रोज जवळजवळ आठ युनिट वाचतात. मॉनिटर धरून सगळी खोली 500 वॅटच्या आत आली आणि तोच जुना इन्व्हर्टर तिला पेलतो. गुरुवारी आता खोलीला कुलूप लागत नाही. पंख्यांचा आवाज गेल्यामुळे वरच्या खोलीतही मुलं वही उघडून बसू लागली, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

तक्रारीही आल्या. एका क्लासचं सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. ज्यांना ते हवं त्यांना ऑफिसातल्या मशीनवर वेळ ठरवून बसावं लागतं. हे समाधानकारक नाही आणि यावर माझ्याकडे चांगला उपाय अजून नाही. दोन अडॅप्टर गेले, जादा घेतलेले कामी आले.

जानेवारीतल्या एका सकाळी सात नंबरचं मशीन सुरू झालं नाही. अडॅप्टर बदलला, रॅम काढून घातली, काही नाही. मदरबोर्ड गेला होता. त्या दिवशी एका जाहिरातीचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती आणि सोळाही खुर्च्या भरलेल्या. मी हडपसरला होतो. अभ्यासिका सांभाळणाऱ्या मामांना फोनवर म्हटलं, "मामा, मागचा एक स्क्रू काढा, आतली च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क ओढून घ्या, आणि सुट्या मशीनमध्ये तशीच बसवा." सात नंबर एका कंपनीचं होतं, सुटं मशीन दुसऱ्या कंपनीचं. मामांनी फोन टेबलावर ठेवला, स्क्रू खाली पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं कॉल कट झाला. तेवढ्यात मागून एका मुलाचा आवाज आला, "मामा, आला, लॉगिन आला." नेटवर्क कार्डाचं नाव दोन्ही मशिनांत वेगळं असतं, पण नेटवर्क मॅनेजरने ते आपणहून जुळवून घेतलं होतं. त्या मुलाचा अर्ज बाराच्या आत भरला गेला.

सात नंबरचा मदरबोर्ड शेठनी दोन आठवड्यांनी बदलून दिला. आता तेच मशीन कपाटात सुटं म्हणून ठेवलंय.